किंवा त्यासंबंधी अन्य कोणतीही कृती

आमच्या गावात अडाणी माणूस एकच आहे आणि तो मी. बाकी सगळे शहाणे. शहाण्यांच्या गावात राहणं म्हणजे काय भोग असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. इथे साधा दिव्याचा खांब हातभर सरकवायचा तरी ग्रामसभा भरते. शाळेच्या व्यायामशाळेत लोखंडी खुर्च्या मांडून सगळं गाव बसतं, आणि खांब सरकतोय की नाही ते हात वर करून ठरवतं. तीनशे वर्षं हे असंच चालत आलंय म्हणे. हे सांगताना त्यांची छाती अशी फुगते की शर्टाच्या गुंड्यांची कीव यावी. एखादी गोष्ट तीनशे वर्षं चालली म्हणजे ती बरोबरच असणार, असा त्यांचा ठाम समज आहे. औषध केलं नाही तर खोकलासुद्धा चालतो.

मी आर्मांड लुसिएर. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात वेस्ट हॅलिंग नावाच्या या गावात मी उभं आयुष्य खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे विकले. आता दुकान विकलं आहे. शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं. पुढचं सगळं दुकानाच्या गल्ल्यावर बसून वाचलं. त्यामुळे कुठल्या शब्दाचा उच्चार कसा करायचा हे मला पुष्कळदा ठाऊक नसतं, पण कोण मला बनवतोय हे बहुतेक वेळा कळतं. या प्रकरणात तेही कळलं नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात झाली ती एका बाकापासून.

माझी बायको बर्नाडेट. तिची फुप्फुसं कामातून गेली आहेत. डॉक्टर म्हणाले, रोज चालल्या तर टिकाल, बसून राहिलात तर संपाल. डॉक्टर लोक असं सरळ बोलतात तेव्हा त्यांना शिव्या द्याव्याशा वाटतात, पण देता येत नाहीत. बर्नाडेट म्हणाली, चालायचंच तर मी वाचनालयात चालत जाईन. वाचनालय चढावर, गावमैदानाच्या पलीकडे. तिचा श्वास बरोब्बर अर्ध्या चढावर संपतो, मैदानातल्या मोठ्या मेपलखाली. तिथे घटकाभर बसायला मिळालं तर पुढचा अर्धा चढ ती चढते. नाही मिळालं तर झाडाला धरून उभी राहते आणि तिचे ओठ निळे पडतात. त्या निळ्या ओठांसाठी मी मेपलखाली एक बाक द्यायचं ठरवलं. माझ्या खर्चाने, माझ्या हाताने केलेला, ओकच्या लाकडाचा. गावाने फक्त "ठेव" म्हणायचं होतं.

गाव एवढं लहान वाक्य बोलत नाही.

आधी वारसा समितीने हरकत घेतली. मैदान जुनं, बाक नवा, नजरेला खुपेल. बाक जुना दिसला पाहिजे. मी म्हणालो, बाई, तुम्ही वाट बघा, होईल जुना, आपण सगळेच होतोय. त्यांना हसू आलं नाही. मग मी तो बाक आख्खा हिवाळा घराच्या वळचणीखाली बर्फाचं पाणी पीत ठेवला. वसंतात त्यांनी येऊन बोट लावून पाहिलं आणि "आता बरा म्हातारा झालाय" असा निर्वाळा दिला. मग बाकाचं तोंड कुठे करायचं? माजी सैनिकांची संघटना म्हणाली, बसणाऱ्याची पाठ मैदानातल्या जुन्या तोफेकडे होता कामा नये. चर्चवाले म्हणाले, तोफेकडे तोंड केलं तर पाठ चर्चकडे होते. या वादात एक उन्हाळा गेला. शेवटी बाक तिरपा बसवला. बसणाऱ्याला समोर टपालपेटी दिसायची. टपालपेटीचा अपमान झाला असेल तर तिने तरी तोंड उघडलं नाही.

पण बर्नाडेट बसली. पहिल्या दिवशी तिथे बसून तिने मला हात केला. मी खाली आमच्या फाटकात उभा होतो. तेवढ्यासाठी सगळं वसूल झालं होतं.

त्याच साली नोव्हेंबरात आमच्या राज्यातल्या मतदारांनी कौल दिला की खिशात थोडासा गांजा सापडला तर तो यापुढे गुन्हा नाही. नुसता दंड, तोही किरकोळ. चार भिंतींच्या आड कुणी काय ओढतो याचं मला काही पडलेलं नाही. दुकानात बसून मी गावाची सगळी व्यसनं पाहिली आहेत. पण एप्रिलमध्ये बर्फ वितळला, चिखल झाला, आणि एका संध्याकाळी बर्नाडेट वाचनालयातून परत आली तर तिच्या कोटाला तो वास.

"हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? ड्वेन आणि कॉरिन असतात बाकावर."

ड्वेन पेल्की छपरं शाकारायचा. एका छपरावरून खाली आला तो पाठ मोडून घेऊनच. कॉरिन वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. तिची पाळी चार वाजता सुटते. दोघं माझ्या बाकावर, मेपलखाली, टपालपेटीकडे तोंड करून गांजा ओढत बसत.

"तुझी फुप्फुसं काय, आणि ते काय ओढतात!"

"मी दिसले की विझवतात रे. ड्वेन तर उठून उभा राहतो. त्या पाठीने."

"उभा राहतो म्हणजे उपकार करतो? बाक कुणाचा आहे?"

"गावाचा," ती म्हणाली. "तू दिलास ना गावाला?"

बायकोचं बोलणं बिनतोड असलं की मी बाहेर जातो. मी पोलीस चौकीत गेलो. आमच्याकडे टॅमी कोवाल्चिक नावाची पोलीस अंमलदार आहे. लहानपणी माझ्या दुकानातून पतंगाची दोरी न्यायची.

"काका, मी काय करू सांगा," ती म्हणाली. "आता तो गुन्हा नाही. नुसती पावती फाडायची. नाव विचारावं तर खरं नाव सांगायची सक्ती नाही. गेल्या आठवड्यात मी एक पावती सांता क्लॉजच्या नावाने फाडली. पत्ता विचारला तर गडी म्हणाला, उत्तर ध्रुव."

"म्हणजे भर चौकात ओढायलाही मोकळीक?"

"सार्वजनिक ठिकाणी ओढू नये असा गावाने आपला पोटनियम केला, तर जबर दंड लावता येतो. शेजारच्या गावांनी केलाय. आपल्या गावाचं तुम्हाला माहीतच आहे. बाक तिरपा करायला एक उन्हाळा लागला."

मी तसाच शेजारी गेलो, विन्थ्रॉप हॅथवेकडे. हा निवृत्त वकील. याला सगळे विन म्हणतात. आयुष्यात त्याने एकही सल्ला फुकट दिला नव्हता, म्हणून निवृत्तीनंतर तो थांबायलाच तयार नाही. तो आपल्या परसात उभा राहून डोंगराकडे बघत होता. डोंगर चांगला दिसतो त्याच्या परसातून. तेही तो स्वतः मिळवल्यासारखं सांगतो.

"पोटनियम कर," तो म्हणाला. "कुणीही नागरिक ग्रामसभेपुढे ठराव आणू शकतो. दहा सह्या लागतात, बास. मी लिहून देतो."

त्याने लिहून दिलं. गावाच्या हद्दीत सार्वजनिक ठिकाणी गांजा ओढण्यास मनाई, ओढल्यास दंड, वगैरे. शेवटी एक ओळ होती: "किंवा त्यासंबंधी अन्य कोणतीही कृती करणे."

"ही कसली शेपूट?"

"अरे, ही सगळ्यांनाच असते. गटाराच्या ठरावाला असते, शाळेच्या बसला असते. ही नसली तर सभेला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही. तीनशे वर्षांची रीत आहे, आर्मांड."

तीनशे वर्षं म्हटल्यावर मी कागद घडी करून खिशात घातला. इतका चिडखोर माणूस मी, पण तिथे वाद घातला नाही.

सह्या गोळा करायच्या त्या कचराडेपोवर. आमच्याकडे घरोघर कचरा न्यायला कुणी येत नाही. शनिवारी जो तो आपला कचरा गाडीत घालून डेपोवर येतो. गावातली सगळी भांडणं, सोयरिकी आणि निवडणुका तिथेच लागतात. बाजूला एक छपरी आहे. आपल्याला नको असलेली, पण फेकवत नाही अशी वस्तू तिथे ठेवायची. ज्याला हवी त्याने उचलावी. मी त्या छपरीपाशी कागद घेऊन उभा राहिलो.

आलेल्या प्रत्येकाने सही केली आणि प्रत्येकाने सहीबरोबर एक पिल्लू सोडलं. एकजण म्हणाला, यात कुत्र्यांच्या विष्ठेचंही घाल. दुसरी म्हणाली, चिरूट का नाही? माझा दीर चिरूट ओढतो, तो काय सोवळा आहे? तिसऱ्याने सही करून मग विचारलं, "हे बाजूने आहे की विरुद्ध?" आणि एक म्हातारी तुटका दिवा छपरीत ठेवता ठेवता म्हणाली, "लुसिएर, तुझ्या बाकाचा रंग अजून जरा नवाच वाटतो हं."

घरी आलो तर बर्नाडेट म्हणाली, "मला विचारलं असतंस तर?"

"तुझ्यासाठीच करतोय."

"हो, ते दिसतंय," ती म्हणाली आणि पुस्तकात तोंड घातलं.

मग पंचमंडळापुढे सुनावणी. आमच्या पंचांच्या अध्यक्ष मिसेस प्रुडन्स थॅचर. यांना गावाचा पैसा स्वतःच्या हाडामासाचा वाटतो. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "सार्वजनिक म्हणजे कुठून कुठवर, मिस्टर लुसिएर? धूर स्वतःच्या अंगणातून निघाला आणि रस्त्यावर गेला तर?" मी म्हणालो, धुराला विचारा. एकजण म्हणाला, टॅमीला वासावरून ओळखता येईल का? टॅमी म्हणाली, येईल, पण या मोसमात सगळ्या गावाला शेणखताचा वास येतो. मग पावत्यांचं पुस्तक कोण छापणार, टॅमीच्या जादा तासांचा भत्ता कुठून येणार, यावर खल झाला. शेवटी पंचांनी ठराव शिफारशीविना ग्रामसभेकडे ढकलला. म्हणजे, चांगलं झालं तर आम्ही केलं, वाईट झालं तर लुसिएरने.

ग्रामसभा मेमधल्या शनिवारी. सकाळी दारात चर्चच्या बायकांनी केक आणि कॉफी मांडली होती. आत व्यायामशाळेत गाव बसलं होतं; बायका विणत होत्या, पुरुष विणणाऱ्या बायकांकडे बघत जांभया देत होते. सभापती व्यासपीठावर. नियम साधे आहेत: बोलायचं तर पुढच्या ध्वनिक्षेपकापाशी चालत जायचं, आपलं नाव आणि राहता रस्ता सांगायचा, आणि एका विषयावर कुणीही दोनदाच बोलायचं. हे नियम फार न्याय्य आहेत. ज्याला चालता येतं त्याच्यासाठी.

माझा ठराव आला तेव्हा जेवण नुकतंच झालं होतं आणि सगळ्यांच्या पोटात आमचा तो काकवीत शिजवलेला, राजम्यासारखा गोड घेवडा बसला होता. मी गेलो, नाव सांगितलं, रस्ता सांगितला आणि बोललो. चांगलं बोललो. तीनशे वर्षांचं मैदान, तोफ, चर्च, आपली मुलं, सगळं आणलं. एक गोष्ट आणली नाही. बायकोचं आजारपण चारचौघांत मांडायला मला लाज वाटली. बर्नाडेट मागे, दाराजवळ बसली होती, कारण तिथे हवा असते.

मग ड्वेन पेल्की उठला. हळूहळू चालत आला.

"ड्वेन पेल्की, गिरणीचा रस्ता," तो म्हणाला. "माझी पाठ मोडल्यावर मला गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी आपल्या गावातली चार माणसं गेली, नावं सगळ्यांना माहीत आहेत. मी त्या सोडल्या आणि हे धरलं. घरी ओढलं तर घरमालक हाकलतो. बाकी काही म्हणायचं नाही. शेठचा बाक मात्र चांगला आहे. पाठीला बसतो."

लोक हसले. मला वाटलं, माझ्यावर हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ताडताड ध्वनिक्षेपकापाशी गेलो आणि म्हणालो, "बाक गांजेकसांच्या पाठीसाठी केलेला नाही! ज्याला बसायचं त्याने शुद्धीत बसावं!"

टाळ्या पडल्या. माझी दोन भाषणं संपली.

इथून पुढे उपसूचना सुरू झाल्या. ज्या देशात माणसं उपसूचना आणतात तिथे शत्रूची गरज नसते. चिरूट घाला, नको, चिरूट काढा. स्वतःच्या ओसरीवर ओढलेलं सार्वजनिक का खाजगी? ओसरीला जाळी असली तर? कुत्र्यांच्या विष्ठेवालाही येऊन गेला. आणि मग मिसेस थॅचर उठल्या.

"आपण रोगावर उपाय करतोय की लक्षणावर?" त्या म्हणाल्या. "माणसं त्या मैदानात का जमतात? बसायला जागा आहे म्हणून. बाक येण्यापूर्वी कुणी मेपलखाली ओढताना पाहिलं होतं? नाही. पोलिसाला भत्ता द्यावा लागतो, बाक काढायला दोन माणसं आणि एक ट्रक लागतो. माझी उपसूचना अशी: दंडाचा नियम राहू द्या, आणि मैदानावर कोणतंही आसन असू नये. आहे ते हटवावं."

सभा एकदम जागी झाली. विणकाम थांबलं. स्वस्तातला उपाय दिसला की आमच्या गावाच्या डोळ्यांत जी चमक येते ती इतरांच्या डोळ्यांत लग्नाच्या दिवशीच दिसते.

मी ओरडलो, "हे विषयाबाहेरचं आहे! मी बाकाबद्दल काहीच लिहिलेलं नाही!"

सभापतींनी कागद वर धरला आणि वाचला. "'किंवा त्यासंबंधी अन्य कोणतीही कृती करणे.' हे आपल्याच ठरावात आहे, मिस्टर लुसिएर. उपसूचना ग्राह्य आहे."

मी विनकडे पाहिलं. विन छताकडे बघत होता, जणू छतावर डोंगर होता.

मी हात वर केला. "मला बोलायचंय."

"आपण दोनदा बोललात."

"मला फक्त एवढंच सांगायचंय की तो बाक कुणासाठी..."

"आपण दोनदा बोललात, सर. खाली बसा."

ड्वेन जागेवरूनच म्हणाला, "बाक राहू द्या. आम्ही जातो तिथून. पुन्हा नाही येणार."

"ध्वनिक्षेपकापाशी येऊन बोला," सभापती म्हणाले. "जागेवरून बोललेलं नोंदलं जात नाही."

ड्वेन उठायला लागला, पण तेवढ्यात मागे खुर्ची सरकली आणि त्याने वळून पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बर्नाडेट उठली होती.

माझी बायको चाळीस वर्षं या ग्रामसभेला येतेय. एकदाही बोललेली नाही. ती दारापासून निघाली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, एका हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत. व्यायामशाळा केवढी लांब असते हे मला त्या दिवशी कळलं. बास्केटबॉलच्या रेषा ओलांडत ती येत होती. मी उठून तिला धरायला जाणार तर शेजारच्याने माझा हात दाबला. "तिचं तिला बोलू दे," तो म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला. आमच्या गावात सगळे चांगल्या मनानेच बोलतात.

मधल्या वर्तुळापाशी ती थांबली. श्वास संपला होता. कॉरिन धावली. ड्वेनने आपली खुर्ची उचलून तिच्यामागे ठेवली, त्या पाठीने, आणि म्हणाला, "बसा बाई. घाई नाही. आम्ही थांबतो."

बर्नाडेट बसली. भर व्यायामशाळेत, मधोमध, ध्वनिक्षेपकापासून दहाबारा पावलांवर. कॉरिन तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "हळूहळू, मावशी. नाकाने आत."

सभा वाट बघत होती. खरंच बघत होती, खोटं कशाला बोलू. पण गाव फार वेळ गप्प राहू शकत नाही. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी घड्याळ पाहिलं. शाळेच्या छपराचा विषय अजून बाकी होता. आणि मागून एक आवाज आला, "सभापती महाशय, चर्चा थांबवून मत घ्यावं असा माझा प्रस्ताव आहे."

हा प्रस्ताव आला की त्यावर चर्चा होत नाही. तेही तीनशे वर्षं आहे. हात वर झाले. चर्चा बंद. मग उपसूचनेवर हात वर झाले. ज्यांनी बर्नाडेटला वाट करून द्यायला पाय आवरून घेतले होते, त्यांचेही हात वर होते. मग ठरावावर. सगळं मंजूर. शेवटी बँडवाले उठले आणि जुलैतल्या बुधवारच्या बँडच्या कार्यक्रमांना खुर्च्या लागतात म्हणून तेवढा अपवाद करून घेतला. तोही मंजूर. म्हणजे जुलैत, बुधवारी, क्लॅरिनेट वाजत असेल तर माझ्या बायकोला श्वास घ्यायला बसता येईल.

उपसूचनेवर आणि ठरावावर, दोन्ही वेळा बर्नाडेटने विरोधात हात केला. बसल्या बसल्या. मला ते दिसलं. माझा स्वतःचा हात कुठे होता ते मला आठवत नाही.

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "काय बोलणार होतीस?"

"काही मोठं नाही," ती म्हणाली. "एवढंच की बाक छान आहे. आणि माझा नवरा वाईट नाही, त्याला फक्त विचारायची सवय नाही."

मी गाडी चालवत राहिलो. दुसरं काय करणार.

बाक हटवला. रस्तेखात्याची दोन माणसं आणि एक ट्रक, मिसेस थॅचरनी सांगितल्याप्रमाणे. तो परत मला मिळावा म्हणून अर्ज करायला मी गेलो, तर कारकून म्हणाली, "गावाची नको असलेली वस्तू डेपोवरच्या छपरीत जाते. ज्याला हवी त्याने न्यावी, अशी पद्धत आहे." मी तसाच गाडी काढून डेपोवर गेलो. छपरीत एक तुटका दिवा होता. बाक नव्हता.

तो विनच्या परसात आहे. त्याने डोंगराकडे तोंड करून मांडलाय. "फुकट पडला होता," तो मला कुंपणावरून म्हणाला. "एवढं चांगलं काम वाया जायला नको म्हणून उचलला. तू केव्हाही ये बसायला, आर्मांड. बर्नाडेटलाही आण."

बर्नाडेटला विनच्या परसात जाऊन काय करायचंय? विनच्या परसात पुस्तकं नाहीत.

तिने चालणं सोडलं नाही. मग मीच स्वयंपाकघरातली घडीची खुर्ची काखेत मारून तिच्या मागून चढ चढू लागलो. गल्ल्यावर बसून ज्याने गावाला हिशोबाने वागवलं तो मी, भर चार वाजता, खुर्ची घेऊन बायकोच्या मागे, वाजंत्र्यांचं सामान वाहणाऱ्या हमालासारखा. लोक गाडीतून हात करत. मेपलखाली मी खुर्ची उघडायचो, ती बसायची, मी उभा राहायचो. टपालपेटी बघायची. चौथ्या की पाचव्या दिवशी टॅमी आली. टोपी हातात घेऊन उभी राहिली. तेव्हाच मी समजलो.

"काका, कुणीतरी तक्रार केलीय."

"कशाची?"

"मैदानावर आसन. माझा इलाज नाही."

तिने पावती फाडली. छापून आलेल्या कोऱ्या पुस्तकातली ती पहिलीच होती. त्या पोटनियमाखाली या गावात पहिला दंड झाला तो गांजा ओढणाऱ्याला नाही. "नाव?" तिने विचारलं, डोळ्यांत पाणी आणून.

"सांता क्लॉज," बर्नाडेट खुर्चीतून म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खोकला लागला.

मी माझं खरं नाव सांगितलं. मला एवढंच येतं.

ड्वेन आणि कॉरिनचं म्हणाल तर ते आता मैदानात येत नाहीत. ड्वेन आपला जुना ट्रक चढाच्या मध्यावर, मैदानाच्या कडेला उभा करतो. रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी नाही. चारला काच खाली असते, आत वास नसतो. त्यासाठी तो आधी दारं उघडी टाकतो, मग वाट बघतो. बर्नाडेट चढ चढत येते, ड्वेन पलीकडचं दार उघडतो, ती त्याच्या शेजारी बसते. दोघं समोरच्या काचेतून टपालपेटी बघतात. कधी कॉरिन मागे असते. श्वास आला की बर्नाडेट उतरते आणि वाचनालयात जाते. ती गेल्यावर ते काच वर करून काय करायचं ते करतात.

पहिल्या दिवशी ड्वेन मला म्हणाला, "शेठ, मागे जागा आहे."

मी म्हणालो, मी ठीक आहे. मी ट्रकच्या बाहेर उभा राहिलो. गेला महिनाभर मी तिथे उभाच राहतो. रोज ते विचारतात, आणि रोज मी ठीक असतो.

परवा शनिवारी दुपारी डेपोवर गेलो. छपरीपाशी विन उभा होता, हातात कागद.

"बरं झालं भेटलास," तो म्हणाला. "मैदानालगत गाड्या उभ्या करायला बंदी आणतोय पुढच्या ग्रामसभेत. तो पेल्कीचा ट्रक बघितलास ना? डोळ्यांना खुपतो. नऊ सह्या झाल्यात. दहावी तुझीच शोभेल. हा सगळा विषय तूच सुरू केलास."

मी कागद घेतला. खाली पाहिलं. शेपूट होती.

"विन," मी म्हणालो, "त्या ट्रकमध्ये माझी बायको बसते."

"असं?" विन म्हणाला. "मग तू सभेत बोल ना. तुला दोनदा बोलता येतं."

मी कागद त्याच्या हातात परत दिला. माझ्या मागे रांगेत जो होता त्याने कचऱ्याची पिशवी खाली ठेवली, पँटला हात पुसले आणि न वाचता सही केली.

घरी आलो. बर्नाडेट कोट घालून दारात उभी होती. परत करायची पुस्तकं पिशवीत.

"एवढा वेळ?" ती म्हणाली. "चल. ड्वेन थांबला असेल."

"थांबला असेल," मी म्हणालो, आणि सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात नेला. मग हात मागे घेतला आणि तिच्यासाठी दार उघडलं. ड्वेन किती दिवस थांबू शकणार हे तिला अजून ठाऊक नव्हतं, आणि अर्धा चढ होईपर्यंत मी ते तिला सांगणार नव्हतो. त्यानंतर तिला बोलायला श्वास नसतो.